पाठीमागचे बंद

थोरलीचे बाबा हॉस्पिटलच्या लिफ्टवर होते. सहा मजले, जाळीचा सरकता दरवाजा आणि कोपऱ्यात त्यांच्यासाठी ठेवलेलं उंच स्टूल. त्या स्टुलावर बाबांना बसलेलं थोरलीने क्वचितच पाहिलं. त्यावर बहुधा कुणीतरी दमलेली म्हातारी टेकलेली असायची आणि बाबा शेजारी उभे. थोरली तेव्हा तिथेच नर्सिंग शिकत होती. आता तिला स्वतःला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी जाळी ओढल्याचा खडखडाट तिच्या कानात आहे आणि त्यापाठोपाठ बाबांचा आवाज, "कितवा मजला? कोण आहे तुमचं तिथे?" मजला विचारणं हे त्यांचं काम होतं. दुसरा प्रश्न पदरचा.

घर ख्रिस्ती. रविवारची उपासना आणि जेवणाआधीची प्रार्थना कधी चुकली नाही. पण बाबांना धर्माविषयी बोलता म्हणून येत नसे. चर्चच्या मंडळीत आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला उभं केलं तर दोन वाक्यांत त्यांना घाम फुटायचा. मग खाली बसून रुमालाने मान पुसत राहायचे.

एका सकाळी पाचव्या मजल्यावर एका म्हाताऱ्याची बायको गेली. त्याच्याबरोबर चिटपाखरूही नव्हतं. लिफ्ट खाली आल्यावर तो बाहेर पडला आणि तिथेच उभा राहिला. शवागार कुठे, कागद कुठे, त्याला काही सुचेना. बाबांनी जाळी ओढली, कुलूप लावलं आणि त्याचा हात धरून त्याच्याबरोबर चालू लागले. सह्या झाल्या, कुणा भाच्याला फोन झाला, तो येईपर्यंत बाकावर बसणं झालं. पाऊण तास गेला. पेशंटची मोठी लिफ्ट वेगळी होती, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. अडलं ते मोठ्या डॉक्टरांचं. ते सहा मजले चढून गेले आणि वर पोचले ते लालबुंद होऊनच.

चौकशी बसली. जागा का सोडली, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "तो माणूस एकटा होता, साहेब."

"ते तुमचं काम होतं का?"

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "लिफ्टवाल्याचं नव्हतं," ते म्हणाले.

चूक कबूल, असं कारकुनाने लिहून घेतलं आणि बाबांची बदली तळघरात, कपडे धुण्याच्या खात्यात झाली.

थोरलीचा नुसता तिळपापड झाला. मैत्रिणींसमोर मान खाली गेली, असं तिला वाटलं. ड्यूटी संपल्यावर गेला असतात तर काय बिघडलं असतं, असं ती बाबांना दोन दिवस ऐकवत होती. बाबा ऐकून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, की आता पुरे, त्यांना जेवू दे.

तळघरात वाफ, सोड्याचा उग्र वास आणि यंत्रांची घरघर. तिथल्या मुकादमाला सगळे तोफ म्हणायचे, कारण त्या घरघरीवरूनही त्याचा आवाज ऐकू यायचा. देवाधर्माचं नाव काढलं की तो कोपरापासून हात जोडायचा. नव्या माणसाला त्याने घडी घालायला बसवलं.

आठवडाभर पेशंटचे गाऊन घडी घालताना बाबांच्या लक्षात आलं, की निम्म्या गाऊनचे पाठीमागचे बंद यंत्रात तुटून गेलेले आहेत. म्हणून तर पेशंट एक हात पाठीशी धरून चालतात! थोरलीने हे वॉर्डात रोज पाहिलं होतं. पाहून पाहून तिचे डोळे सरावले होते, इतके की बाबांनी घरी विषय काढला तेव्हा तिला आधी कळेचना, की ते कशाबद्दल बोलताहेत.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत बाबा सुईदोरा घेऊन बसू लागले. बंदांसाठी घरातल्या जुन्या कापडाच्या पट्ट्या फाडल्या: आईचा हिरवा पडदा, थोरलीचा शाळेतला निळा फ्रॉक. मंडळीतल्या बायकांना कळलं, तशा त्यांच्याही पिशव्या येऊ लागल्या. महिनाभरात पांढऱ्या गाऊनच्या पाठींवर हिरवे, निळे, पिवळे, ठिपक्यांचे बंद दिसू लागले. ऑपरेशन झालेल्या बायका कॉरिडॉरमध्ये दोन्ही हात हलवत चालू लागल्या.

मंडळीचे एक वडीलधारे घरी आले. म्हणाले, प्रत्येक बंदावर बारीकसा क्रूस भरू या. कुणामुळे हे होतंय ते लोकांना कळायला नको का? थोरलीला ते मनापासून पटलं. बाबांचा झालेला अपमान तिच्या मनातून गेला नव्हता.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "पेशंटला स्वतःची पाठ दिसत नाही हो," ते म्हणाले. "आपला हात मोकळा झालाय, एवढंच त्याला कळतं. प्रभूला तेवढं चालेल असं मला वाटतं."

पाहुणे जरा खट्टू होऊन गेले. पण पुढच्या रविवारी त्यांच्याच बायकोने जांभळ्या कापडाचा अख्खा गठ्ठा आणून दिला.

तोफ पहिले काही महिने लांबून टोमणे मारायचा. मग एका दुपारी बाबांसमोर येऊन बसला. "तुमचा देव तुम्हाला लखलाभ. सुई द्या इकडे." त्याची शिलाई म्हणजे पोतं शिवल्यासारखी, पण त्याने लावलेला बंद यंत्राच्या बापाला तुटायचा नाही.

नऊ वर्षांनी बाबा निवृत्त झाले. थोरली तोवर वॉर्डाची सिस्टर झाली होती. आता बंद संपले, असंच ती धरून चालली होती. दोनेक महिन्यांनी चादरींची तक्रार घेऊन ती तळघरात उतरली, तर तोफ चष्मा नाकावर घेऊन एकटाच शिवत बसलेला.

"दोरा ओवून दे," तो म्हणाला. "डोळे गेले माझे."

ती शेजारी बसली, सुईत दोरा ओवला. तो मान खाली घालूनच बोलला, "तुझ्या बाबांनी नऊ वर्षांत एकदाही मला चर्चला ये म्हटलं नाही."

"तुम्हाला राग येईल असं वाटलं असेल त्यांना."

"आलाच असता. पण मग मी विचारलं तरी असतं, की काय असतं तिथे. आता कुणाला विचारू?"

थोरली म्हणाली, की रविवारी दुपारी घरी या आणि त्यांनाच विचारा. फक्त घाई करू नका, बाबांना बोलायला वेळ लागतो.

तो खरंच आला. पुढच्या रविवारीही आला आणि मग येतच राहिला. दोघं बाहेर खुर्च्या टाकून बसायचे. थोरली स्वयंपाकघरातून ऐकायची. तोफेचा एक दणदणीत प्रश्न, मग बराच वेळ काहीच नाही, मग बाबांचं हळू आवाजातलं काहीतरी. ती भांडी विसळायची थांबायची, नळ बंद करायची, कान द्यायची. तरीही बाबांचा एकही शब्द तिला कधी नीट ऐकू आला नाही.