नळीचा उतार

त्याच्या बायकोने नाकातली नळी सकाळपासून चौथ्यांदा ओढून काढली, तेव्हा सिस्टरचा पारा चढला.

“काका, समजवा यांना. मशीनमधून नळीत गरम, ओलसर हवा येते, त्याने श्वासाचे कष्ट कमी होतात. पुन्हा काढली तर तोंडावर मास्क बांधावा लागेल.”

मास्क म्हटल्यावर बायकोने त्याचं मनगट घट्ट धरलं. परवा मास्कमध्ये ती तासभर घुसमटली होती.

“अगं, मग काढतेस कशाला?”

“अहो, नाकात पाणी येतं,” ती धापा टाकत म्हणाली. “बुडल्यासारखं होतं.”

त्याने नळी उजेडात धरली. आत पाणी साचलं होतं. तीस वर्षं त्याने कारखान्याचा बॉयलर सांभाळला होता. वाफ थंड झाली की तिचं पाणी होतं आणि पाणी उताराला धावतं, हे त्याला नवीन नव्हतं. इथे मशीन वर आणि पलंग खाली. पाणी हिच्या नाकात नाही तर काय छताला जाणार?

“सिस्टर, मशीन खाली घ्या.”

“वायर पुरत नाही.”

“मग पलंग वर करा.”

“वॉर्डबॉय मामांना सांगा. मला अजून सहा पेशंट आहेत.”

मामा म्हणाले, पलंग वर करायचं हँडल एकच, ते वरच्या मजल्यावर गेलंय. तो वर गेला तर तिथले म्हणे, खालीच आहे.

“मलाही लावा एक नळी,” तो मामांवर खेकसला. “जिने चढून माझाही दम गेला.”

“काका, मी काय हँडल खिशात घेऊन फिरतो?”

तो तडक समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला, पाना आणला आणि पलंगाच्या पायथ्याचा स्क्रू स्वतःच फिरवला. पलंग वीतभर उचलला जाऊन मशीनच्याही वर आला. मग नळी उचलून त्याने आतलं सगळं पाणी मशीनकडे उतरवलं. बायकोने नळी नाकात ठेवू दिली. तिच्या खांद्यांची ओढाताण हळूहळू थांबली.

तेवढ्यात सिस्टर आल्या.

“पलंग कुणी उचलला? पेशंट पडला तर? खाली घ्या आधी.”

“घेणार नाही.”

“मला डॉक्टरांना लिहून कळवावं लागेल.”

“लिहा. ती नळी का काढत होती, तेही लिहा. सकाळपासून कुणी विचारलं नाही तिला.”

सिस्टर बायकोकडे वळल्या. “आता येतंय पाणी?”

बायकोने मान हलवली. नाही.

सिस्टरनी पलंगाचा कठडा वर ओढून खटकन लावला आणि त्या शेजारच्या पेशंटच्या मशीनची नळी वाकून बघू लागल्या.