काठापलीकडची वीण

आपल्या विणकामाला तोड नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ते लपवण्याचा खोटा विनय तिच्याकडे नव्हता. तिने विणलेल्या स्वेटरांत गल्लीतली निम्मी मुलं लहानाची मोठी झाली होती. पण नवऱ्याची दृष्टी गेली, घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झालं आणि जन्मभर भिंगातून बारीक चाकं पाहिलेला तो माणूस खिडकीशी हातावर हात ठेवून बसू लागला, तेव्हा तिने जे पांघरूण विणायला घेतलं ते पाहून तिचं तिलाच कौतुक वाटे. केशरी, जांभळे, मोरपंखी चौकोन, त्यांच्या पोटात उलटे-सुलटे त्रिकोण, आणि प्रत्येक तुकड्याची वीण निराळी. कुठे गुळगुळीत सुलट टाके, कुठे दाणेदार, कुठे जाळी, तर कुठे पिळाची जाड वेणी.

"रंग लोकांसाठी," ती नणंदेला म्हणाली, "आणि वीण यांच्यासाठी. हे बोटांनी बघणार."

"वहिनी, मानलं तुम्हाला," नणंद म्हणाली. नणंदेच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल. पुढचा चौकोन ती गाणं गुणगुणत विणत होती.

दुपारी कामं आटोपली की ती पांघरूण त्याच्या मांडीवर पसरी आणि शेजारी बसे. त्याची बोटं डावीकडून निघत, एकेका चौकोनावर रेंगाळत. "ही वेणी. ही जाळी. इथे तू माझ्यावर चिडली होतीस, टाके घट्ट आलेत." ते खरं असे. बोटं शेवटच्या कडेवरून उतरली की ती विचारी, "मग? सगळ्यात चांगला कुठला?" या एका प्रश्नासाठी तर ती सकाळपासून सुया चालवत असे.

एके दिवशी बोटं उतरलीच नाहीत. काठ संपला, लोकर संपली, आणि त्याचा हात दोघांमधल्या मोकळ्या जागेत तसाच संथपणे सरकत राहिला. टाक्यांवरून जाताना व्हायची तशीच बोटांची टोकं वरखाली होत होती.

"हा," तो म्हणाला. "हा सगळ्यात चांगला. असं तू आजवर काही विणलं नाहीस."

नणंद समोरच बसली होती. ती हसली. "दादा, अरे, पांघरूण मघाशीच संपलं!"

"दोघी मिळून आंधळ्याची चेष्टा करा," तोही हसत म्हणाला, आणि त्याचा हात फिरून नेमका त्याच जागी गेला.

दुसरी कुणी असती तर घाबरली असती. हिला राग आला. इतक्या महिन्यांच्या मेहनतीवर हवेतल्या एका तुकड्याने बाजी मारावी हे तिच्या पचनी पडेना. तिने त्याला खोदून खोदून विचारलं. मऊ आहे, तो म्हणाला, ऊबदार आहे, खालून बारीक दोऱ्या उठून आल्यात, वर हलकीशी सुरकुती घेतलीय, आणि सगळं किती सफाईने. मग ती हट्टालाच पेटली. दुकानातली सगळ्यात तलम लोकर आणली, पुन्हा पुन्हा विणलं, पुन्हा पुन्हा उसवलं, आणि अखेर तो चौकोन काठाला जोडला तेव्हा तिचा ऊर भरून आला. नणंदेने तर कौतुकाने चक्क हात जोडले.

त्याने चौकोन नीट चाचपला. "सुरेख," म्हणाला, आणि बोटं पुढे गेली. "पण तो याच्या शेजारचा."

"अहो, शेजारी काही नाही!"

"असं कसं? तूच विणलाय. तुझं काम मी ओळखत नाही का?"

हे ऐकल्यावर तिला भांडता येईना. आपल्याहून सरस काम, आणि तेही आपलंच, म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? खरं सांगायचं तर मनातून तिला जरा बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरात दोघंच होती. बोटं काठाशी आली, तसा तिने आपला हात पालथा करून काठाला अगदी चिकटवून ठेवला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बोटं न अडखळता लोकरीवरून तिच्या मनगटावर आली, आणि त्याचा चेहरा उजळला.

"हाच तो. आता तरी दिसला ना तुला?"

तिने पाहिलं. खिडकीतल्या उन्हात तिचा रोजचा हात होता. त्याची बोटं त्यावरून एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जात होती, आणि प्रत्येक ओळ तिला आतून कळत होती. इतकी बारीक वीण! तिची मान आपसूक ताठ झाली.

"फार अवघड होता हो हा," ती म्हणाली.

"असणारच." त्याचं बोट करंगळीच्या मुळाशी थांबलं. "फक्त इथे एक टोक सुटं राहिलंय."

"माझ्या कामात? शक्यच नाही. ओढून बघा."

त्याने चिमटीत धरून हलकेच ओढलं, आणि पहिली ओळ मुळीच न दुखता उसवली.