आजचं फळ

उस्मानपुऱ्यातल्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात श्रेया उभी राहायची अन् तिचं बोलणं खाली बसायचं. नाव सांगे, खुलताबाद सांगे, पुढं ओठ मिटे. गुरुवारी हॉटेलात स्वागतकक्षाच्या नोकरीची मुलाखत होती. शब्द वहीत मोत्यासारखे मांडलेले. तोंडात एक येईना.

"उभं राहिलं की हात कुठं ठेवावं तेच कळत नाय, मॅडम," ती म्हणाली. वर्ग हसला. उमा मॅडम हसल्या नाहीत. रविवारी त्यांनी खुलताबादची बस धरली.

रस्त्याकडेला श्रेया आणि तिची आई मालनबाई सीताफळांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. श्रेया गिऱ्हाइकात इतकी रमलेली, की मॅडम तिला दिसल्याच नाहीत.

"कधी खायचंय, काका? आज का उद्या?"

"परवा पाहुणे यायचेत."

"मग हे कडक न्या. अन् हे एक आजचं, काकूंसाठी. पाहुण्याआधी घरची माणसं राजी ठेवा."

काका हसत राहिले. श्रेयाची बोटं थांबली नाहीत. फळ उचल, सालीवरचा डोळा चाचप, आजचं इकडं, उद्याचं तिकडं. हात चाले तशी जीभ चाले.

"वर्गात ही मुकी असते," उमा मॅडम हळूच म्हणाल्या.

"मुकी?" मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. "हिच्यापायी आम्ही घरात रेडिओ घेतला नाय." मग फळं लावता लावता त्या आपल्याशीच गुणगुणल्या:

सीताफळाचा गं डोळा, बोटानं वाचावा
ज्याची जशी भूक, त्याला दिस नेमावा

उमा मॅडम पिशवीभर फळं घेऊन परतल्या. सोमवारी त्यांनी श्रेयाला उभं केलं नाही. टेबलावर फळं ओतली. "निवड. अन् कुणी कधी खायचं ते इंग्रजीत सांग."

पहिलं फळ उचललं, पहिला शब्द आला. अडखळत दुसरा आला. बुधवारपर्यंत, आधी हसलेली पोरंच हॉटेलचे पाहुणे होऊन रांगेत उभी होती, आणि श्रेया प्रत्येकाला खोली देत होती, फळ देत होती, वर टोमणाही देत होती. सगळं इंग्रजीत.

"पण तिथं फळं कशी मांडू, मॅडम?"

"हाताजोगं काहीतरी असेलच. विचारून घे."

गुरुवारी उमा मॅडम हॉटेलच्या काचेच्या दाराबाहेर थांबल्या. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी काहीतरी विचारलं. श्रेया उभी, हात लोंबते, ओठ मिटलेले.

"पोरगी तुमची का?" वॉचमननं विचारलं.

"माझी विद्यार्थिनी," त्या म्हणाल्या. काच श्वासानं धुरकटली, ती त्यांनी पदरानं पुसली.

आत श्रेयानं टेबलावरच्या किल्ल्यांच्या ढिगाकडं बोट दाखवलं. साहेबांनी मान डोलावली. किल्ली उचल, आकडा बघ, पहिला मजला इकडं, दुसरा तिकडं. हात चालू लागले आणि मागोमाग ओठ. साहेब आधी मागं रेललेले होते, मग पुढं वाकले, मग हसले. एक शब्दही न ऐकता उमा मॅडमनी सगळी मुलाखत ऐकली.

"आता बघा," त्या वॉचमनला म्हणाल्या. "आता ती थांबायची नाही."

श्रेया बाहेर आली. "सोमवारपासून या म्हणाले. अन् किल्ल्या लावून दिल्या म्हणून थँक्यू म्हणाले."

उमा मॅडमना बोलायचं होतं. वीस वर्षं दुसऱ्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई, पण रिकामे हात कुठं ठेवावेत तेच त्यांना कळेना.

श्रेयाला कळलं. तिनं आपल्या पिशवीतून एक सीताफळ काढलं, बोटानं डोळा चाचपला आणि ते मॅडमच्या ओंजळीत ठेवलं.

"हे आजचं आहे, मॅडम."