दोन बांबू आणि ताडपत्री

शेषरावने दोन्ही बांबू नावेतून उपसले आणि काठावरच्या चिखलात फेकून दिले. त्यांच्यामागून ताडपत्री आली.

"माह्या नावेत तिरडी चढनार नाई, नर्सबाई. शंभर डाव सांगतलं."

"ते तिरडी नाई, स्ट्रेचर आहे," महामाया म्हणाली. "मीही शंभर डावच सांगतलं."

"हिरवे बांबू, दोन दांडे, मधात कापड. आमाले समजत नाई काय, ते काय असते?"

काठावर जमलेली माणसे हसली. महामायाने त्यांच्याकडे पाहिले आणि तेवीस वर्षांच्या नोकरीत शेकडो वेळा आलेला विचार तिच्या मनात पुन्हा आला : ही माणसे जगतात तरी कशी? धरणाचे पाणी तीन बाजूंनी आल्यापासून गाव असे चिमट्यात सापडले होते. रुग्णालयात जायचे तर सडकेने चोवीस किलोमीटर, आणि नावेने वीस मिनिटांत धरणाची भिंत, जिथे रुग्णवाहिका येऊन उभी राहू शकत होती. तेवढ्या वीस मिनिटांसाठी तिने नाव सज्ज केली होती. सलाइन, रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या, प्रसूतीचे साहित्य, शिट्टी, बॅटरी, सहा तरंगजाकिटे. लोखंडी स्ट्रेचर शेषरावच्या अरुंद नावेत मावेना, म्हणून मलकापूरच्या बाजारातून तिने स्वतः बांबू आणले आणि ताडपत्री शिवून घेतली. ते करताना गावातल्या एकालाही विचारले नाही. यांना काय विचारायचे, असेच तिला वाटले होते.

"मॅडम, उशीर होतोय," डॉ. हर्षल म्हणाला. तालुक्याहून तो आजच्या प्रात्यक्षिकासाठी सकाळीच तिच्याबरोबर नावेने आला होता. गळ्यापर्यंत करकचून बांधलेले तरंगजाकीट त्याने जमिनीवर उतरल्यावरही सोडले नव्हते. "तीन फोटो हवेत. काठावर, उचलताना आणि नावेत. लोकेशनसकट अपलोड करायचेत. पेशंट म्हणून कुणालाही झोपवा."

कुणी पुढे आले नाही.

"बरं, मग एखादं पोतं ठेवा. वरून पांढरी चादर टाका, म्हणजे झालं."

पुढे उभे असलेले लोक दोन पावले मागे सरकले. एका म्हाताऱ्याने कानाला हात लावला. महामायाने डॉक्टरकडे पाहिले. गावाविषयीचा तिरस्कार एका कुशीवर वळला आणि त्याच्या शेजारी डॉक्टरविषयीच्या तिरस्कारालाही आपसूक जागा झाली. पाच वर्षे शिकून हा मुलगा एवढेच शिकला होता, की माणूस नसेल तर पोते चालते.

तिला फोटो नको होता. बाभळीखाली नीरजा उभी होती, शेषरावची धाकटी लेक. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आठवा महिना. पाय सुजलेले. सकाळी महामायाने मोजला तेव्हा रक्तदाब चढलेला होता. उद्या तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे ठरले होते. पण दिवस भरेपर्यंत ती राहणार याच काठावर.

"शेषरावभाऊ, एखाद्या दिवशी इले अचानक त्रास झाला, तं कशी नेसान?"

"नेऊ बसवून."

"पद्मजालेही बसवूनच नेलं होतं."

काठावरचे हसू विझले. कुणीतरी अंबूबाईकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली.

पद्मजा ही अंबूबाईची सून. गेल्या पोळ्याच्या सुमारास घरी बाळंत झाली आणि रक्त थांबेना. महामाया त्या दिवशी बैठकीसाठी तालुक्याला गेली होती. माणसांनी पद्मजाला हातापायांना धरून नावेत आणले. नावेत आडवे निजलेले माणूस उठत नाही, हे अंबूबाईला तिच्या सासूने सांगितले होते. म्हणून तिने सुनेला छातीशी टेकवून वीस मिनिटे बसती ठेवली, झापड येऊ लागली तसतशी अधिकच सरळ. इतके रक्त जात असताना आडवेच ठेवायचे असते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. भिंतीपाशी पोचेपर्यंत ती गेली होती. तिथे धावत आलेल्या महामायाने चारचौघांत अंबूबाईला सुनावले होते, "तुम्ही मारली तिले." त्यानंतर दोघींत एक शब्दही झाला नव्हता. डोस असेल त्या बुधवारी अंबूबाई नातवाला घेऊन येई, उपकेंद्राच्या पायरीवर बसे आणि उठून जाई.

"तिचं आयुष्य तेवढंच होतं," शेषराव पुटपुटला. "पन माह्या जित्त्या पोरीले मी तिरडीवर निजवू? काऊन? तुमचा कागद भराले?"

महामायाने चपला काढल्या. बांबू चिखलातून ओढून दगडांवर ठेवले, ताडपत्रीच्या शिवणीत ते ओवले आणि साडी पायांशी आवळून त्यावर उताणी निजली.

"उचला," ती म्हणाली.

वर आभाळ होते आणि कडेने वाकलेली तोंडे होती. या तोंडांपैकी बहुतेकांना तिने कधी ना कधी सुई टोचली होती. त्यांतल्या कितीतरी घरांनी तिला कधी आपल्या पेल्यातून पाणी दिले नव्हते. खालून पाहताना सगळ्यांच्या नाकपुड्या सारख्याच दिसत होत्या. हे तिला जरा गमतीचे वाटले.

"अवं बाई, उठा," शेषराव म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "हे चांगलं नाई."

"उचलल्याशिवाय उठत नाई."

डॉक्टरने मोबाइल उंच धरला. "छान. आता चार जण या, चौघे."

चौघे म्हटल्याबरोबर पुरुषांची रांग आणखी मागे सरकली. महामायाच्या पाठीखाली दगड रुतत होता. आता उठावे लागणार, हे तिला कळून चुकले. ती उठली की गाव पोट धरून हसेल, बांबू कुणाच्या तरी कुंपणाला लागतील आणि नीरजा बसूनच जाईल.

"शेषराव," मागून आवाज आला, "तिरडी कोन उचलते रे?"

अंबूबाई पुढे आली होती.

"कोन म्हंजे? माणसं."

"बाई खांदा देते काय कधी?"

"बाई कायले देईन? बाया मसनात जातेत तरी काय?"

"मंग सरक तिकडं. आमी उचललं तं ते तिरडी कशी होईन?"

शेषराव बाजूला सरकला. म्हाताऱ्यानेही कानावरचा हात काढला. या प्रश्नाला गावाच्या शहाणपणात कुठेच उत्तर नव्हते, कारण तो गावाच्याच शहाणपणातून आला होता. इतक्या महिन्यांत हे आपल्याला का सुचले नाही, हा विचार महामायाला दगडापेक्षा जास्त रुतला.

"या वं पोरीहो," अंबूबाई म्हणाली. तिघी आल्या. चौथी म्हणून नीरजाच निघाली, तेव्हा अंबूबाई तिच्यावर खेकसली, "तू नोको. तुह्याजवळ हाय तेवढं ओझं सांभाळ." मग डोक्याकडचा एक दांडा तिने स्वतः धरला. "खांद्यावर नाई, हातावर घ्या. नर्सबाई, जड आहा तुमी."

"सरकारी पगार आहे," महामाया म्हणाली, आणि एक पोरगी फिस्सकन हसली.

त्या पाण्यात उतरल्या. नाव डुलू लागली तसा शेषराव गुडघाभर पाण्यात धावला आणि त्याने दोन्ही हातांनी नावेची कड दाबून धरली. बांबू फळ्यांवर टेकले. तो बांबूंकडे पाहत राहिला. मग त्याने एका दांड्याच्या टोकाखाली आपला पंचा गुंडाळून ठेवला, घसरू नये म्हणून.

इंजिन सुरू झाले. डॉक्टर पुढच्या टोकाला बसून फोटो पाठवू लागला; रेंज नव्हती. अंबूबाई महामायाच्या उशाशी बसली होती. काठ बराच मागे पडल्यावर ती खाली वाकली.

"ती अशी निजली असती, तं वाचली असती?"

या प्रश्नाचे उत्तर महामायाने वर्षभर धार लावून ठेवले होते. सुरकुतलेला तो चेहरा तिला आज उलटा दिसत होता, हनुवटी वर आणि डोळे खाली.

"सांगता येत नाई, अंबूबाई," ती म्हणाली. "रक्त लई गेलं होतं."

अंबूबाईने मान हलवली. ऊन थेट महामायाच्या डोळ्यांत येत होते. अंबूबाईने आपला पदर ओढला आणि तिच्या तोंडावर घातला. घालताच तिचा हात थबकला. तिने झटकन पदर उचलला, दोन्ही हातांनी त्याची टोके धरून तो वर ताणला आणि भिंत येईपर्यंत तसाच धरून ठेवला.