जरा ॲडजस्ट कर

“जरा ॲडजस्ट करायचं असतं गं पोरी! संसार काय असाच होतो?” सोफ्यावर ऐसपैस पसरून मामा ताईला शहाणपण शिकवत होता.

दारातल्या तिच्या धाकट्या भावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंग्रजी क्रियापदं पाठ होईनात म्हणून त्यानं दहावीतच शाळेला रामराम ठोकला होता. पण ‘ॲडजस्ट’ हे एक घरच्यांनी अगदी घोटून घेतलं होतं. आई म्हणाली की अर्थ, गप्प बस. बाबा म्हणाले की, मला विचारू नकोस. आणि भावजी ताईला म्हणाले की, माझ्या बहिणीला खोली दे, तू स्वयंपाकघरात झोप. मामाला मात्र ‘ॲडजस्ट कर’ असं कुणी म्हटलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

“आठ महिने सासरी फ्रीजशेजारी झोपली ती,” धाकटा उसळला. “आता काय फ्रीजमध्ये झोपायचं तिनं?”

“तू तोंड घालू नकोस, दीडशहाण्या! संध्याकाळी जावई न्यायला येतायत. मी शब्द दिलाय.”

“शब्द तुझा ना? मग तूच जा नांदायला!”

भांडण थांबावं म्हणून आईनं चहा आणला. ताईनं कप डाव्या हातानं उचलला. धाकट्याची नजर तिथंच अडकली. ताई तर सगळं उजव्या हातानं करायची.

“दुसरा हात बघू.”

“काही नाही रे.”

“बघू म्हणतो ना!”

ओढणीखालून हात निघाला. मनगट टम्म सुजलेलं, त्यावर बोटांचे काळेनिळे वळ. आईनं ट्रे खाली ठेवला.

“रागाच्या भरात होतं माणसाकडून,” मामा चाचरला. “जरा ॲड...”

“म्हण ना पुढे! म्हण!”

मामानं कपात तोंड खुपसलं. बोलली ती आई.

“दादा, फोन कर त्याला. येऊ नको म्हणावं. पोरगी इथंच राहील.”

“आणि झोपेल कुठं? जागा आहे का?”

“तू उठलास की होईल.”

ताई फिसकन हसली आणि हसता हसता रडायला लागली. डोळे पुसत म्हणाली, “माझं शिलाई मशीन तिकडेच राहिलंय रे.”

धाकट्यानं टेम्पोवाल्या मित्राला फोन लावला. थोड्याच वेळात खाली हॉर्न वाजला. धाकटा मशीन आणायला निघाला, तशी आई जिन्यापर्यंत मागे आली.

“हात उचलू नकोस हं. ते काही बोलले तरी जरा...”

“आई, तो शब्द नको. मला आता निघायलाच हवं.”