पंखवाला मामा

अठ्ठ्याऐंशी सालच्या लग्नसराईत मेव्हण्याने, म्हणजे रामकिसनने, आहेरात दिलेली टोपी पुंजारामच्या डोक्यात शिरली नाही. राग मात्र शिरला आणि ठाण मांडून बसला. म्हणून पोराच्या जावळाला त्याने घनसावंगीच्या या मामाला बोलावलंच नाही. "मांडीवर मीच घेतो," म्हणाला. मामाच्या मांडीशिवाय जावळ! वडीगोद्रीत असलं कुणी ऐकलं नव्हतं. त्याची बायको चतुराबाई भावासाठी चुलीपाशी बसून रडली, तर नवऱ्याने धूर झाला समजून फुंकणी आणून दिली.

जावळाच्या सकाळी पुंजाराम पोराला मांडीवर घेऊन पाटावर बसला, तोच चित्रकलेचे रामराव सर भेट घेऊन आले. काचेत मढवलेलं चित्र. युरोपातल्या कुणा जुन्या, बरोक काळातल्या चित्रकाराच्या रेखाटनाची छपाई. चित्रात मूल आहे, एवढ्यावरच सरांना ते जावळाला शोभेल असं वाटलं होतं.

मोळीवर उघडं पोर, त्याचं डोकं दाबून धरलेला दाढीवाला बाप, हातात सुरा. वरून झेपावलेल्या पंखवाल्या तरुणाने बापाचं मनगट धरलेलं. बाजूच्या झुडपात एडका.

"हे तं जावळच हाय की!" मच्छिंद्र न्हावी म्हणाला. "पण वस्तरा लय वाईट धरलाय."

"कंदुरीच्या जेवणाचा बोकडबी बांधेल हाय. मोळी सैपाकाची," चतुराबाईची सासू गोजरबाईने भर घातली.

"मंग हा पंखवाला कोन?" पुंजारामने विचारलं.

"मामा," चतुराबाई बोलून गेली. "जीप भेटली न्हाई, उडत आला."

अंगण खो खो हसलं. पुंजाराम हसला नाही.

सरांनी घाईघाईने तोंडातला शिरा गिळला. "अहो, न्हाई! देवानं बापाला सांगितलं, पोराचा बळी दे. बाप निघाला. देव नुसती परीक्षा घेऊन राह्यला होता. ऐन वेळी देवदूतानं हात धरला."

मच्छिंद्रने वस्तरा पाठीमागे लपवला.

"बापानं एवढं ठरवलं," चतुराबाई म्हणाली, "पोराच्या मायला विचारलं व्हतं का?"

सरांनी चित्र पुन्हा निरखलं. "चित्रात... ती न्हाई."

"कशी असंल? चुलीपाशी रडत असंल. घरच्यांना वाटलं असंल, धूर झाला."

पुंजारामने मांडीवरच्या पोराकडे पाहिलं, मग चित्राकडे. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने पोर बायकोच्या हाती दिलं, देवळीत कोंबलेली टोपी काढली आणि डोक्यावर कशीबशी टेकवली.

"मच्छिंद्रा, मी घनसावंगीहून येस्तोवर वस्तरा उघडू नको."

"अवो, जीप भेटली न्हाई तं?" चतुराबाईने मागून विचारलं.

"उडत आणतो त्याला!" पुंजाराम ओरडला, आणि एका हाताने टोपी धरून पळत सुटला.