तिसऱ्या जागेवरची पाल

मी पाल बोलतेय. भिंतीवरची नव्हे, पडद्यावरची. एकदाचं 'शी' म्हणून घ्या, मग पुढचं सांगते.

प्राणी गोळा करून त्यांच्या झुंजी लावायचा एक जुना व्हिडिओ गेम आहे. हौशी लोक तो उघडतात, आतले प्राणी काढतात आणि आपले घालतात. दोन बहिणींनी तेच केलं. थोरली चष्म्याच्या दुकानात काचा घासते, चित्रं तिची. धाकटी लिफ्ट दुरुस्त करते. आतली सगळी जोडाजोड तिची. संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसलं की त्यावर कॉम्प्युटर यायचा आणि दोघींची जुंपायची. त्या भांडणांतच माझा जन्म झाला.

गेम सुरू होताच तीन प्राण्यांतून आपला पहिला सोबती निवडायचा असतो. एक आगीचा छावा, दुसरं पाणमांजर आणि तिसरी मी. छाव्याला झुपकेदार आयाळ, पाणमांजराला टपोरे डोळे. मला काय, तर तुटणारी शेपूट. जिवावर बेतलं की मी ती टाकते आणि वाचते. पुन्हा उगवेपर्यंत मात्र अंगात जोर नसतो. थोरलीनं माझ्या बोटांच्या गाद्यासुद्धा एकेक करून रेखाटल्या. पालीकडे इतक्या मायेनं कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

गेम आधी ओळखीपाळखीत खेळायला दिला. कुणी छावा उचलला, कुणी पाणमांजर. माझ्यावरून निवडीचा बाण असा सटकन पुढे जायचा, जणू मी अंगावरच पडणार होते. माणसं मोठी गमतीची. आग ओकणारं जनावर सोबतीला चालतं, पाल म्हटलं की अंगावर काटा!

"ताई, हिला काढू आणि गरुडाचं पिल्लू घालू," धाकटी म्हणाली.

"नियम माहितेय ना?"

नियम त्यांचाच होता. ज्या प्राण्याला काढायचं, त्यालाच सोबती घेऊन आधी अख्खा गेम खेळायचा. न खेळता कुणाला हाकलायचं नाही.

"खेळते की! पहिल्याच झुंजीत आपटेल बघ."

आपटलेच मी. छाव्यानं मला भाजून काढलं आणि धाकटी खदाखदा हसली. असा संताप आला म्हणून सांगू! मला दया नको होती, पुढची झुंज हवी होती.

झुंजी होत गेल्या. शेपूट लवकर टाकायची नाही, टाकली की मला मागे घेऊन गोळा केलेल्यांतल्या दुसऱ्या प्राण्याला पुढे करायचं, हे धाकटीला हळूहळू उमगलं. तिच्या शिव्या मला कमी आणि समोरच्याला जास्त बसू लागल्या.

शेवटच्या झुंजीपाशी गाडं अडलं. समोर गेममधला सगळ्यात बलाढ्य खेळाडू. आम्ही हरलो. पुन्हा हरलो. शेजारी बसलेल्या थोरलीचं तोंड उतरलं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "पटलं मला. काढून टाक हिला."

मला रडूच कोसळलं. जिनं मला घडवलं, तीच माझ्यावर पाणी सोडत होती.

धाकटीनं मानही वर केली नाही. "हात लावू नकोस हां तिला. आम्ही अजून हरलो नाहीये."

"अगं, आत्ता माझ्यासमोर हरलात!"

"ते हरणं नव्हे. तू चहा टाक."

आम्ही, म्हणाली ती! त्या शब्दानं माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. गरुडाच्या पिल्लाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

आता गेम सगळ्यांसाठी खुला झालाय. मी तिसऱ्या जागेवरच आहे; ना मला पंख लावले, ना माझा रंग उजळला. कीव येऊन मला उचलणार असाल तर खुशाल छाव्याकडे जा, कारण कीव करणारे पहिल्याच पराभवात साथ सोडतात. हरल्यावर ज्यांचं डोकं फिरतं, त्यांनी माझ्याकडे यावं.

ती शेवटची झुंज आम्ही जिंकलो का, ते मी सांगणार नाही. हिंमत असेल तर मला घ्या आणि स्वतः तिथवर येऊन दाखवा.